विजय कुणाच्या खात्यावर?

एकेरीत कमी पडलेले खेळाडू दुहेरीकडे वळतात, हा समज टेनिसच्या प्रेक्षकांत चांगलाच मुरलेला आहे. दुहेरीच्या बक्षिसाची रक्कम एकेरीच्या मानानं किरकोळ, आणि तीही दोघांत वाटायची. जीजी फर्नांडेझची कारकीर्द या समजात बसवू गेलं तर बसतेही. एकेरीतलं तिचं सर्वोच्च स्थान १७वं. १९९४ साली बिनमानांकित असताना तिनं विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली, पण तिथं मार्टिना नवरातिलोवानं तिला रोखलं. दुहेरीची मात्र १७ ग्रँड स्लॅम विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. त्यातली १४ नताशा झ्वेरेवाच्या जोडीनं मिळवलेली. मग ती खरोखर कुणाची म्हणायची?

१९९१ सालच्या फ्रेंच स्पर्धेत जीजी आणि याना नोवोत्ना यांनी अंतिम सामन्यात झ्वेरेवा आणि लारिसा सावचेन्को यांना हरवलं. पुढच्याच महिन्यात विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्या दोघींनी उट्टं काढलं. १९९२मध्ये जोड्यांची अदलाबदल झाली. खेळाडू त्याच चौघी, पण जीजी-झ्वेरेवा जोडीनं १९९२ची फ्रेंच ते १९९३चं विम्बल्डन अशा सलग सहा ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. दोन्ही वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात समोर नोवोत्ना आणि सावचेन्कोच होत्या. चौघींच्या अंगच्या गुणांची एकूण बेरीज काही वर्षभरात बदलली नव्हती. कोण कुणाशेजारी उभी आहे, एवढंच बदललं होतं.

त्यानं एवढा फरक का पडावा, हे कोर्टवर नीट पाहिलं की कळतं. एकेरीत २७ फूट रुंद असलेलं कोर्ट दुहेरीत ३६ फुटांचं होतं. झ्वेरेवा मागून हातचा राखून, कोन साधत रिटर्न मारायची. चेंडू सर्व्हिस करून पुढे धावणाऱ्या प्रतिस्पर्धिणीच्या पायाशी पडायचा. तिला तो खालून उचलावाच लागे, आणि उचललेला चेंडू नेटजवळ टपून बसलेल्या जीजीच्या हातात अलगद यायचा. जीजी तिरकी झेपावून व्हॉली मारायची. तिनं सोडलेली बाजू झ्वेरेवानं तोवर धरलेली असायची. टाळ्या व्हॉलीला मिळत. गुणाची तजवीज आधीच्या फटक्यात झालेली असे, पण तो फटका नंतर कुणाच्या लक्षात राहत नसे.

यात त्यागबिग काही नाही. आपलं कुठे संपतं आणि दुसरीचं कुठे सुरू होतं, याचं हे चोख व्यवहारी भान आहे. मिन्स्कमध्ये वाढलेल्या झ्वेरेवाला ‘आपलं किती’ हा प्रश्न वेगळ्या अर्थानंही ठाऊक होता. सोव्हिएत व्यवस्थेत खेळाडूच्या बक्षिसावर सरकारी यंत्रणेचा ताबा असे. आपली कमाई आपल्याला मिळावी, अशी मागणी तिनं १९८९ साली उघडपणे केली होती. नेटपाशी श्रेय वाटून घेणाऱ्या याच मुलीनं धनादेशावरचा हक्क मात्र सोडला नाही. वाटून घेणं आणि काढून घेतलं जाणं यातला फरक तिला कळत होता.

जीजीचा पेच देशाचा होता. तिचा जन्म पोर्तो रिकोतल्या सान हुआनचा. हे बेट अमेरिकेच्या ताब्यात, रहिवासी अमेरिकेचे नागरिक, पण ऑलिम्पिकला संघ स्वतंत्र. १९९२ साली बार्सिलोनात ती अमेरिकेकडून, मेरी जो फर्नांडेझच्या जोडीनं खेळली. आडनाव एक असलं तरी दोघींचं नातं काही नव्हतं. अंतिम सामन्यात यजमान स्पेनच्या जोडीला हरवून त्यांनी सुवर्ण जिंकलं. झ्वेरेवा तिथं दुसऱ्या संघातून ब्राँझ घेऊन गेली. १९९६ला अटलांटात दोघी फर्नांडेझनी सुवर्ण राखलं. बेटाची ही मुलगी दोनदा ऑलिम्पिक विजेती झाली, पण पदकतालिकेत बेटाच्या रकान्यात सुवर्ण काही आलं नाही. ते पहिलं सुवर्ण आलं २०१६ साली, मोनिका पुइगच्या रूपानं.

आपल्याकडेही सानिया मिर्झाची सहाच्या सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं महिला किंवा मिश्र दुहेरीची आहेत. तरी ‘पण एकेरीत?’ हा प्रश्न तिच्यामागे लागतोच. एकट्यानं मिळवलं तेच खरं, हा आग्रह त्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. एकेरीतल्या विजेत्यामागेही प्रशिक्षक, सराव देणारे, घरचे असतातच. फक्त ते कोर्टबाहेर बसतात, म्हणून मोजले जात नाहीत. दुहेरीत दुसरा माणूस लपवता येत नाही, एवढाच काय तो गुन्हा.

जीजी १९९७ साली निवृत्त झाली. त्या वर्षीही तिनं झ्वेरेवाबरोबर फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकलं होतं. २०१०मध्ये टेनिसच्या हॉल ऑफ फेमनं दोघींना एकाच वर्षी सन्मान दिला. १४ विजेतेपदांमधला अर्धा वाटा कुणाचा, हे ठरवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. कारण जोडीनं मिळवलेल्या यशाला दोनानं भागलं, तर हाती अर्ध्याहून बरंच कमी उरतं.