ऋषिपंचमीचे ताट आणि पाळी थांबल्यानंतरचे व्रत

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, सप्तर्षी आणि अरुंधती यांची पूजा करून ऋषिपंचमीचे व्रत पाळतात. मासिक पाळीच्या काळात कळत-नकळत घडलेल्या स्पर्शदोषाचे क्षालन व्हावे, हे व्रतकथेने सांगितलेले त्याचे प्रयोजन. म्हणूनच पाळी थांबली की अनेक घरांत व्रताचे उद्यापन होते.

आहाराचा नियम मात्र वेगळ्याच तत्त्वावर उभा आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. नांगरटीचे धान्य वर्ज्य, परसात नि कुंपणाला आलेले चालते. त्यातून ऋषीची भाजी होते: अळूची पाने व देठ, लाल माठ, सुरण, भेंडी, पडवळ, शिराळे, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि आंबटपणाला चिंच. तेलाची फोडणी बहुधा नसतेच.

भारतीय स्त्रीची पाळी साधारण 46-47 व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन घटते, आणि शेवटच्या पाळीच्या आगेमागे रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वेगाने वाढते. चरबी कमरेभोवती साठू लागते, रक्तवाहिन्या ताठर होतात, रक्तदाब चढतो. तोवर पुरुषांच्या मानाने कमी असलेला हृदयविकाराचा धोका इथून वाढत जातो. या वयाला हवा असतो तो भरपूर पालेभाज्यांचा, चोथायुक्त, कमी मिठाचा, बेताच्या तेलातुपाचा आहार. ऋषीची भाजी जवळजवळ तशीच आहे.

याच वयात एकादशी आणि संकष्टी चालूच राहतात, आणि त्या दिवशी ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वडे येतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने नगण्य, चोथा अगदी थोडा. तो ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो कंद आणि बटाटा, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. प्राचीन धर्मग्रंथांना ते ठाऊक असणे शक्यच नव्हते. शेंदेलोणही शेवटी मीठच. रक्तदाबाला त्याचा वेगळा दिलासा नाही.

तेव्हा उद्यापनाने नेमके काय संपते, हा प्रश्न उरतो. पाळी हा शरीराचा स्वभाव आहे. तिला दोष मानणारी कल्पना आज टिकत नाही आणि तिचे क्षालन कधीच गरजेचे नव्हते. पण जनावराच्या श्रमावर न जगण्याचा एक दिवस आणि जिभेवरचा ताबा यांना त्या कल्पनेच्या आधाराची गरज नाही. हा नियम पाळी गेलेल्या स्त्रीलाच नव्हे, घरातल्या पुरुषालाही लागू पडतो. उद्यापनानंतर पूजा सोडावी किंवा ठेवावी. ताट मात्र ठेवावे, महिन्यातून अनेकदा ठेवावे. रोजच्या जेवणात त्याच्या जोडीला डाळी-उसळी, ज्वारी-नाचणी आणि मूठभर शेंगदाणे असावेत.

परंपरेने व्रतस्थाला देहाची हेळसांड करायला कधी सांगितलेले नाही. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा सविस्तर विचार केला आहे. अशक्त माणसाने एकभुक्त राहावे, प्रतिनिधीकडून व्रत करवावे, अशा सवलती शास्त्रकारांनी दिल्या. एकादशीची सक्ती त्यांनी ऐंशीच्या आतच ठेवली. ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही त्यांत पाणी, मुळे, फळे आणि दूध आहे, तसेच औषधही आहे. उपवासाच्या दिवशी रक्तदाबाची गोळी टाळणाऱ्या किंवा हरतालिकेला निर्जळ राहून मधुमेहाचे औषध चुकवणाऱ्या स्त्रीला हा नियम कुणीतरी आवर्जून सांगायला हवा, आणि पुराणिकांनी तो कथेबरोबरच सांगावा.