माकणीच्या पाण्यावरचे वर्ष

सिकंदराबाद
आषाढ

चि. भाच्यास,

तुझे पत्र पोचले. माकणीच्या निम्न तेरणा धरणावर शाळेतल्या मुलांसाठी शिडाच्या बोटींचा क्लब काढायचा, हा बेत मला मनापासून आवडला. सोबतचे वेळापत्रक मात्र बाजूला ठेव. ऑक्टोबरात उद्घाटन, मेअखेर समारोप आणि पावसाळाभर कुलूप, हा मुंबईचा शिरस्ता आहे. समुद्र खवळला की तिथे बोटी वर ओढाव्याच लागतात. आपल्या लोहारा तालुक्याला समुद्र कुठला?

आपल्या पठारावर वाऱ्याचा हंगाम म्हणजेच पावसाळा. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा दिवसभर सलग वाहतो. म्हणून तर इथल्या हुसेनसागरावर देशातली मोठी शर्यत, हैदराबाद सेलिंग वीक, जुलैत भरते. पण हुसेनसागर सहसा भरलेला असतो. आपल्याकडे जुलैत वारा जोरात असतो आणि धरण तळाला. जे पाणी उरते ते भिंतीपाशी, आणि भिंतीजवळ कुणी बोट नेऊ देणार नाही, देऊही नये. परतीच्या पावसाने धरण भरते तोवर वारा पडलेला असतो. वारा आणि पाणी यांची आपल्याकडे गाठ पडते ती थोडे दिवस, आणि तीही देवाच्या मनात असेल तर. तुझा क्लब उभा राहायचा तो हे धरून.

पाऊस लवकर झाला तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हे तुझे सोन्याचे दिवस. तेव्हा शाळेची घटक चाचणी असली तरी मुख्याध्यापकांना गाठ. मात्र धरणाचे दरवाजे उघडणार अशी खबर असेल त्या दिवशी एकही बोट पाण्यात नको. ऑक्टोबरात शीड नुसते लोंबते. तो महिना पोहणे, गाठी मारणे आणि बोट मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करणे यासाठी ठेव. थंडीत मंद वारा असतो. शर्यतवाल्यांना तो आवडत नाही, नवशिक्यांना त्याच्यासारखा गुरू नाही. फक्त येळवशीच्या सणाला काही ठेवू नकोस. पोरे शेतात आंबील प्यायला जाणार, आणि जावीतच.

उन्हाळ्यात पाणी रोज मागे सरकते. म्हणून पक्का धक्का बांधायचा विचार सोड. मार्चमध्ये तो चिखलात उभा दिसेल. रुंद चाकांची हातगाडी करून घे. पाणी ओसरले की बुडालेल्या बाभळींचे खुंट वर येतात, ते तेव्हाच पाहून नकाशावर मांडून ठेव. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, त्यांच्या पिकातून बोटी ओढल्यास तर क्लब त्याच दिवशी संपला. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर कुणी पाण्यात नको. वळीव सांगून येत नाही, आणि उघड्या पाण्यावर ॲल्युमिनियमची डोलकाठी विजेला आयतीच सापडते.

बोटी ऑप्टिमिस्टच घे. पावणेआठ फूट लांब, 35 किलो वजन, एकच शीड, एकच मूल. अमेरिकेत 1947 मध्ये क्लार्क मिल्स या गृहस्थाने ती मुलांसाठीच आखली. पंधरा वर्षांपर्यंतची मुले जगभर हीच चालवतात. कमरेइतके पाणी तिला पुरते, हे आपल्याकडे फार महत्त्वाचे. तीन जुन्या बोटी आणि एक सोबतीची मोटारबोट एवढ्यावर सुरुवात कर. मोटारबोट नसेल तर सुरुवात करूच नकोस. पण हे पिण्याचे पाणी, त्यात पेट्रोल आले की प्रश्न निघणार. तेव्हा जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी, वर्गणी नंतर.

त्याहून आधी मच्छीमार सोसायटीकडे जा. जाळी कुठे लावतात, कधी काढतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? जाळ्यात अडकलेली बोट सुटेल, फाटलेल्या जाळ्याचे भांडण सुटणार नाही. शिवाय बुडणाऱ्याला काढायला तेच सगळ्यात आधी पोचतील. त्यांच्या मुलांकडून फी घेऊ नकोस.

‘यॉट क्लब’ हे नाव, बिल्ले, टोप्या यांचा सोस नको. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा. त्याचा थाट त्याला शोभतो. तू भोपाळकडे पाहा. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथल्या मोठ्या तलावावर शिकली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सतराव्या वर्षी रौप्यपदक घेऊन आली. तिच्याही गावाला समुद्र नव्हता.

एखादे वर्ष कोरडेच जाईल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते 2016 विसरू नकोस. तशा वर्षी बोटी सावलीत पालथ्या ठेव, शिडांना उंदीर लागू देऊ नकोस, आणि प्यायला पाणी नसताना खेळाचे नाव चारचौघांत काढू नकोस. मुलांना मात्र दर रविवारी बोलवत राहा. दोर, रंग, फायबरची डागडुजी, शर्यतीचे नियम, कामाला तोटा नाही. क्लब मोडतो तो अशा वर्षी मुले पांगल्यामुळे.

पुढच्या जुलैत चार मुले आणि एक पालक घेऊन इकडे ये. उमरग्याहून सरळ रस्ता आहे. शर्यत काठावरून बघू, ओळखीच्यांकडून जुन्या बोटींचे भाव काढू. येताना मुलांना पोहता येते की नाही हे लिहून आण, आईवडिलांच्या सहीसह. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा