अहिंसा आणि पहाटेचा रस्ता



आजचं वाचन ज्ञानेश्वरी, अध्याय १३. 'अहिंसा' या एका शब्दावर माउली किती वेळ रमतात! अहिंसक माणसाचं पाऊलसुद्धा किती जपून पडतं, तेही सांगतात. त्याच ज्ञानलक्षणांत पुढे 'जरा' येते, म्हणजे म्हातारपण. दोन्ही एकत्र वाचताना प्रश्न पडला: म्हातारा माणूस पडू नये म्हणून त्याला घरात बसवून ठेवणं, ही अहिंसा की हिंसा?

आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. बाबा ७८ वर्षांचे. विसरणं वाढलंय, पण पहाटे विठ्ठलाच्या देवळात चालत जायचंच.

आपल्याला वाटतं स्मरणशक्ती वेगळी आणि पाय वेगळे. तसं नसतं. तोल, लक्ष, पायरीचा अंदाज, सगळं मेंदूच सांभाळतो. प्रोसेसरवर आधीच लोड असला की एक जास्तीचं काम आलं तरी सगळं अडखळतं, तसंच हे. काही वृद्ध बोलायला लागले की चालायचे थांबतात. अशांना पडण्याचा धोका जास्त, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९९७ मध्येच दाखवलं. त्यात हाडं ठिसूळ होणं हा 'बायकांचा आजार' समजून पुरुषांची तपासणी बरेचदा राहूनच जाते. खुब्याचं हाड मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण मात्र पुरुषांत जास्त. म्हणून ताई म्हणते, "दादा, दाराला कुलूपच लाव." तिची भीती खोटी नाही.

पण बसून राहिलं की पायातली ताकद जाते, म्हणजे पडणं आणखी जवळ येतं. आणि देऊळ गेलं तर बाबांचं काय उरतं? अवघड भाग पुढेच आहे: मागच्या आठवड्यात पाय घसरला होता हे त्यांना आठवतच नाही. मग धोका पत्करायचा निर्णय खरंच त्यांचा म्हणायचा का? पूर्ण नाही. पण नातवाचं नाव विसरणारा माणूस देवळाचं वळण चुकत नाही, ही इच्छासुद्धा त्यांचीच ना! मला ती मोडवत नाही. तेव्हा जपून पाऊल टाकायचं काम आपल्याकडे येतं.

बाथरूममध्ये धरायला दांडा लावला. सपाता जाऊन मागून बंद असलेले बूट आले. हाडांची डेक्सा तपासणी झाली, झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोललो. तिनेही तोल जातो. पहाटे मी सोबत जातो, मोबाइल खिशात. बाबांना काही विचारायचं असलं तर आधी दोघं थांबतो, मग विचारतो.