युक्त आहार आणि मधुमेह

श्रीभगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोग सांगितला. आसन कसे असावे, चित्त कोठे स्थिर करावे, हे सांगत असतानाच त्यांनी भोजनाचाही विषय काढला. अति खाणारा आणि मुळीच न खाणारा असे दोघेही योगास मुकतात, असा त्या उपदेशाचा आशय आहे. ध्यानाच्या प्रकरणात ताटाचा विचार कशासाठी, असे कित्येकांना वाटते. परंतु ज्या घरात मधुमेहाने पाऊल टाकले आहे, त्या घरच्या गृहस्थास याचे मर्म निराळे समजावून सांगावे लागत नाही.

राजधानी दिल्लीचेच उदाहरण घ्या. 2010-11 साली तेथील वीस वर्षांवरील प्रौढांची जी पाहणी झाली, तीत सुमारे चौघांमागे एकास हा रोग आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतातील मधुमेही 10 कोटींहून अधिक, तर रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेले 13 कोटींहून अधिक गणले गेले. तात्पर्य, हा आता एखाददुसऱ्या श्रीमंताचा रोग राहिलेला नाही.

याचे स्वरूप थोडक्यात असे. अन्नातील पिष्ट व साखर यांचे पचन होऊन रक्तात शर्करा उतरते. तिला पेशींत नेण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन करते. यकृतात व पोटाच्या आत चरबी साठली की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. स्वादुपिंड अधिक राबते आणि अखेर थकते. मग शर्करा रक्तातच राहून डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा यांना हळूहळू पोखरते. प्रारंभी वेदना नसते, म्हणून मनुष्य निश्चिंत राहतो. अठराव्या अध्यायात राजस सुखाचे जे लक्षण सांगितले आहे, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते? आरंभी गोड आणि परिणामी घातक!

“मी सडपातळ आहे, मला काय भीती?” असे कोणी म्हणेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर स्वतःच्याच शरीरावरून दिले. 2004 साली त्यांनी व एका इंग्रज सहकाऱ्याने आपली मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण इंग्रज मित्राच्या शरीरात चरबी सुमारे 9 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात सुमारे 21 टक्के. भारतीय देह बाहेरून कृश दिसला तरी आतून मेदयुक्त असू शकतो.

दुसरा म्हणतो, “वडिलांना होता, मलाही झाला, प्रारब्धापुढे कोणाचे चालते?” अशा सज्जनाने पुन्हा अठरावा अध्यायच पाहावा. कर्माच्या सिद्धीस भगवंतांनी पाच कारणे सांगितली आणि दैव पाचवे ठेवले. देह, कर्ता, साधने आणि प्रयत्न ही चार त्याच्या आधी येतात. आनुवंशिकता हे दैव खरे. परंतु चौघांना निजवून पाचव्यास दोष देणे हा न्याय नव्हे. ब्रिटनमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रोग होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या रुग्णांना काही महिने वैद्यकीय देखरेखीखाली अत्यंत मित आहार दिला. वर्षअखेर त्यांतील जवळजवळ निम्म्यांची शर्करा औषधावाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आली होती. पुढे ज्यांचे वजन पुन्हा वाढले त्यांतील पुष्कळांचा रोगही परतला, हेही विसरू नये. संयम एका वर्षाचा नव्हे, आयुष्याचा आहे.

आपले पूर्वज हे जाणत होते. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचे व झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ गणले, आणि पथ्यात जवाला मानाचे स्थान दिले.

आता व्यवहार पाहू. दिल्लीकडे सकाळी छोले-भटुरे, हिवाळ्यात गाजराचा हलवा व गजक, दिवाळीत मिठाईचे डबे, भंडाऱ्यात पुरी आणि शिरा. यजमान म्हणतो, “प्रसादाला नाही म्हणू नये.” परंतु नवव्या अध्यायात भगवान भक्ताकडून पान, फूल, फळ आणि जलही प्रेमाने स्वीकारतात, पेढ्याची अट त्यांनी घातलेली नाही. मधुमेही भक्ताने प्रसादाचा कण मस्तकी लावून मुखात घालावा. प्रसादाचे पुण्य मापाने वाढत नाही, शर्करा मात्र मापानेच वाढते.

उपवासाचेही तसेच. साबुदाणा, बटाटा आणि तळलेली कुट्टूची पुरी यांनी भरलेले ताट म्हणजे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हेच होय. साखर सोडून गूळ वा मध घेतल्यानेही शरीर फसत नाही.

गृहस्थांनी एवढे नियम पाळावेत:

(1) ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ वा पनीर, आणि केवळ पाव भाग पोळी वा भात.

(2) मैदा सोडावा. गव्हाच्या पिठात जव व हरभरा मिसळावा. बाजरीही घ्यावी, पण मापानेच.

(3) सरबत, फळांचा रस व गोड चहा बंद करावा; फळ अख्खे व थोडे खावे.

(4) भोजनोत्तर दहा-पंधरा मिनिटे चालावे. थंडीत दिल्लीची हवा धुराने कोंदली असता घरातच चालावे.

(5) रात्रीचे भोजन लवकर व हलके असावे.

एक सावधगिरी अवश्य ठेवावी. जे इन्सुलिन वा शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी वैद्यांस न विचारता निर्जल उपवास वा करवा चौथ करू नये, आणि अन्न एकाएकी घटवू नये. शर्करा अति उतरल्यास घाम, कंप व मूर्च्छा येते, प्राणावरही बेतते. घाम व कंप सुटताच साखर देणे हाच त्या वेळचा धर्म. बेशुद्धाच्या मुखात मात्र काही घालू नये, त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. आपल्या मनाने औषध सोडणे हा वैराग्याचा नव्हे, अविचाराचा मार्ग आहे.

शेवटची विनंती घरातील मंडळींना. एकट्या रुग्णासमोर फिके ताट ठेवून इतरांनी जिलेबी खावी, ही त्याच्या संयमाची रोज घेतलेली परीक्षा आहे. “एकाने काय होते?” हा आग्रह प्रेमाचा वाटतो, पण घात करतो. घरभर एकच सात्त्विक अन्न शिजवावे. ज्या मुलांना आनुवंशिकतेने हेच भय आहे, त्यांचेही त्यात रक्षण होईल. तेराव्या अध्यायात देहास क्षेत्र, म्हणजे शेत म्हटले आहे. जे पेराल तेच उगवेल. आणि पेरण्याची वेळ दिवसातून दोनदा, आपल्याच पानावर येते.