यादीतले आपले नाव



येरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती समूहात एकदा कुरकुर सुरू झाली. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना डावलले जात होते. प्रेषितांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले. त्यांनी स्वतः कुणाचेही नाव पुढे केले नाही. माणसे कशी असावीत एवढेच सांगितले: चांगल्या नावाची, पवित्र आत्म्याने भरलेली आणि शहाणी. निवड समूहावर सोपवली (प्रेषितांची कृत्ये 6:1-6). निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे बहुसंख्यांनी आपलीच माणसे पुढे रेटली नाहीत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यापैकी माणसांवर त्यांनी विश्वास टाकला असे दिसते.

आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूकही वाटपाचीच गोष्ट आहे. पाणी कोणत्या आळीला आधी, दिवा कोणत्या नाक्यावर, गटाराचे काम कुणाच्या दारापर्यंत, हे त्यातून ठरते. म्हणून मतदान हा राजकारण्यांचा विषय, चर्चचा त्याच्याशी संबंध काय, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद 2240) कर भरणे आणि देशाचे रक्षण करणे यांच्याबरोबरच मतदानालाही नैतिक कर्तव्य म्हटले आहे. मात्र कुणाला मत द्यायचे हे आम्ही धर्मगुरू वेदीवरून सांगणार नाही. ते आमचे काम नव्हे आणि आम्हांला तो अधिकारही नाही.

आज सांगायचे आहे ते मतदानाच्या आधीचे. गावाची निवडणूक प्रचाराने सुरू होत नाही, ती मतदार यादीने सुरू होते.

पुष्कळांचा समज असा की पंचायतीची निवडणूक लागली की नाव घालता येते. तसे होत नाही. राज्य निवडणूक आयोग पंचायतीसाठी वेगळी नोंदणी करत नाही. ठरलेल्या तारखेला विधानसभेची जी यादी अस्तित्वात असते, तीच प्रभागवार विभागली जाते. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकती घेता येतात. पण त्या नाव चुकीच्या प्रभागात गेले असेल किंवा विधानसभेच्या यादीत असूनही येथे गळले असेल तर. मूळ यादीतच नाव नसेल तर त्या वेळी धावपळ करून उपयोग नाही. म्हणून मुलाला किंवा मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली की नमुना 6 भरावा. 2022 पासून त्यासाठी वर्षात चार तारखा धरल्या जातात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. पत्ता बदलला किंवा नावात चूक असेल तर नमुना 8 भरावा. नाव वगळायचे असेल तर नमुना 7.

या नमुना 7 पाशी आपले हात थांबतात. आई देवाघरी गेली, तिचे नाव आपल्या हाताने कसे कमी करायचे? भावना आम्ही समजू शकतो. पण आईचे नाव जीवनाच्या पुस्तकात लिहिलेले आहे ही आपली श्रद्धा आहे. मतदार यादीत ते ठेवण्याची गरज नाही. तिची आठवण मिस्साबलिदानात आणि नोव्हेंबरमध्ये कबरीवर लावलेल्या मेणबत्तीत राहते. यादीत राहिलेल्या तिच्या नावावर मात्र भलत्याच कुणाचे बोट शाईने रंगू शकते. जिने आयुष्यभर कुणाचे काही घेतले नाही, तिच्या नावाने चोरी व्हावी का?

दुसरी गोष्ट दोन ठिकाणच्या नावांची. नोकरीसाठी, फ्लॅटसाठी माणसे शहरात राहायला गेली; तिथेही नाव, गावातही नाव. कायद्याने एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी असू शकते, जिथे तो खरोखर राहतो तिथे. वडिलोपार्जित घर आहे एवढ्याने मत मिळत नाही. 'एका मताने काय होते?' असे विचारले जाते. प्रभागात मते शेकड्यांत मोजली जातात. दहा खोटी नावे निकाल फिरवू शकतात. समान मते पडली तर चिठ्ठी काढावी लागते. मग गावाने निवडले की खोट्या नावांनी, हे कोण सांगणार? आपण पापनिवेदनाला जातो तेव्हा या खोट्या नोंदीची आठवण कितीजणांना होते?

आता निवडीबद्दल. पंचायतीच्या एका प्रभागातून साधारण दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात आणि सरपंचासाठी वेगळे मत असते. यात पक्षाची चिन्हे नसतात. उमेदवार आपला चुलतभाऊ, शेजारी, धर्मपिता असतो. म्हणूनच ही निवडणूक विधानसभेपेक्षा अवघड. नात्याला नाही म्हणायचे कसे? अशा वेळी गुप्त मतदान हे देवाने दिलेले कवच समजावे. कुणाला मत दिले हे कुणी विचारू नये आणि कुणी सांगू नये. पाकीट घेतल्याने मत बांधले जात नाही, असेही काहीजण म्हणतात. पण पाकीट घेतले तिथेच आपण शेजाऱ्याच्या पाण्याची किंमत ठरवलेली असते. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील पदांच्या लिलावामुळे राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणुका रद्द केल्या. बोली चावडीवर लागो की घराच्या ओट्यावर, पाप तेच.

शेवटी निकालानंतरचे. हरलेल्याच्या दारासमोर फटाके वाजवू नयेत. रविवारी शांतीचा संकेत देताना ज्याच्या विरोधात मत दिले, त्याचाही हात हातात घ्यावा. आणि पाच वर्षे घरी बसू नये. यादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य आहे. येरुशलेमच्या विधवांची तक्रार कानी आली म्हणून न्याय झाला. आपली कुरकुर ओट्यावर न राहता ग्रामसभेत पोचावी.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आपल्या घरातील नावे तपासावीत: कुणाचे राहिले, कुणाचे दोनदा आहे, कोण देवाघरी गेले. यादी खरी करणे ही आपल्या गावासाठी केलेली प्रार्थनाच होय.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू