अठराव्या वर्षाचा फुटबॉल

15 ऑक्टोबर 2019, कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत बांगलादेश 1-0 ने पुढे होता आणि निर्धारित वेळेतली शेवटची दोन-तीन मिनिटे उरली होती. ब्रँडन फर्नांडिसने कॉर्नर घेतला, चेंडू गोलसमोरच्या गर्दीवर आला आणि आदिल खानने हेडरने तो जाळ्यात धाडला. भारताने बरोबरी साधली ती दोन गोमंतकीयांच्या बळावर. त्या संघात डावी बाजू सांभाळणारा मंदार राव देसाईही गोव्याचाच.

या तिघांपैकी दोघांच्या वयाकडे पाहायला हवे. आदिलने एकतिशी गाठली होती. मंदार मूळचा विंगर. एफसी गोवाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे आणून लेफ्ट बॅक केला, आणि राष्ट्रीय संघात जागा मिळाली तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. म्हणजे दोघेही उशिरा बहरले. सोळाव्या वर्षी ज्याची उंची भरलेली नसते, ज्याला आपली खरी जागा सापडलेली नसते, अशा मुलासाठी आपल्याकडे थांबायला जागा कुठे आहे?

अमेरिकेने ही जागा कॉलेजात करून ठेवली आहे. तिथला फुटबॉल आपल्यापेक्षा वेगळा खेळ, पण धडा तोच. त्यात क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. समोरची बचावफळी दोन-तीन सेकंदांत वाचायची आणि चेंडू कुणाकडे द्यायचा ते ठरवायचे, हे त्याचे काम. ही नजर पोरवयात क्वचितच पक्की होते. टॉम ब्रेडीचेच पाहा. कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षी, सतत हरणाऱ्या कनिष्ठ संघातही त्याला खेळायला मिळत नव्हते. 1995 मध्ये तो मिशिगन विद्यापीठात गेला. तिथेही आधी रांगेत मागेच उभा राहिला. 2000 च्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत त्याचे नाव पुकारले गेले ते 199 व्या क्रमांकावर. त्याने पुढे सात सुपर बोल, म्हणजे त्या लीगचे अंतिम सामने, जिंकले. कॉलेजातली ती चार-पाच वर्षे त्याला मिळाली नसती, तर ब्रेडी कुणाला ठाऊकही झाला नसता.

त्या व्यवस्थेचे दोषही ठसठशीत आहेत. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतली जेमतेम सात कॉलेजच्या मैदानात पोचतात, आणि पैशाचा बाजार तर आता उघडच मांडला गेला आहे. पण एक गोष्ट तिथे पक्की आहे: अठराव्या वर्षी मुलाला पुस्तक आणि चेंडू यांतले एक टाकून द्यावे लागत नाही.

आता आपल्याकडे पाहू. गोव्यात फुटबॉल आला 1883 मध्ये, विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्याबरोबर, बार्देशातल्या शिवोलीत. शापोरा नदीच्या पलीकडे चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. अंतर होडीने ओलांडण्याइतके. तरी फुटबॉलचे वैभव वाढले ते सासष्टी, तिसवाडी, बार्देशात. अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीज अमलाखाली आलेले पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीचे तालुके; तिथला उत्साह नाटकात, भजनात, दशावतारात अधिक फुलला. फुटबॉल तिथे खेळला जातो तो भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, मेरेवर बसलेल्या गाववाल्यांसमोर. पोरांत पाय आहेत, दम आहे. पुढची वाट मात्र तालुक्याबाहेर जाते.

डिचोलीत एक ठळक अपवाद घडला. सेसा गोवा या खाण कंपनीने 1999 मध्ये फुटबॉल अकादमी सुरू केली. साखळीच्या लोहखनिजाच्या खाणीत खनिज संपल्यावर झाडे लावून ती जमीन पुन्हा वापरात आणली गेली. त्याच परिसरात अकादमीची मुले घडू लागली. राहणे, शाळा आणि सराव एकाच छताखाली. आदिल खान याच अकादमीतला. जिथून लाल मातीचे ट्रक भरभरून गेले, तिथून फुटबॉलपटू निघू शकतात हे साखळीने दाखवले.

पण हा सगळा डोलारा खनिजावर उभा होता. धेंपो, साळगावकर, सेसा ही गोव्याच्या फुटबॉलमधली नावे खाणींच्या जगातलीच. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीजेस रद्द केल्या. मधल्या काळात, 2016 साली, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून अंग काढले. त्याला लीगच्या फेररचनेवरची नाराजीही कारण होती. धेंपो परतला, पण 2024 मध्ये. आठ वर्षांत मुलांची एक आख्खी पिढी विशीतून पुढे निघून जाते. खेळाचा आधार एका धंद्यावर आणि काही घराण्यांच्या दानतीवर राहिला, तर तो धंदा बसल्यावर पोरांनी कुणाच्या दारात जायचे?

शाळेच्या पातळीवर गोवा उपाशी नाही. 1960 पासून चालत आलेली सुब्रतो चषक स्पर्धा आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात. अडते ते त्यानंतर. गुण पदरात पडले की बूट माळ्यावर जातात, कारण क्लबने उचलले नाही तर पुढे रोज खेळायला जागाच नसते.

आणि जागा करायची तर घरे तयार आहेत. पेडण्यात विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय, डिचोलीत नारायण झांट्ये महाविद्यालय, साखळीत शासकीय महाविद्यालय. आज आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे काही दिवसांचे सामने. त्याऐवजी जून ते मार्च दर आठवड्याला एक सामना, प्रत्येक महाविद्यालयाला पूर्णवेळ प्रशिक्षक, दूरच्या गावच्या मुलासाठी वसतिगृहात खाट आणि परीक्षेच्या तारखांशी जुळवलेले वेळापत्रक, एवढे सरकारने आणि गोवा विद्यापीठाने मिळून करावे. पेडण्यात मोपाचा विमानतळ उभा करणाऱ्या राज्याला हा खर्च जड नाही. विसाव्या वर्षी ज्याचा खेळ उमलेल असा मुलगा तोवर मैदानावर टिकला, तरच त्याला पाहायला कुणी निवडकर्ता विर्नोड्याला येईल.