सोयीचे बंदर, सुरक्षित बंदर



आपल्या नागावचा किनारा लांब आणि देखणा; पण समोर उघडा समुद्र. शिडाच्या गलबताला आसरा हवा असेल तर पुढे रेवदंड्याला, कोर्लईच्या डोंगराआड कुंडलिकेच्या खाडीत शिरावे लागते. शेजारचे चौल दोन हजार वर्षांपूर्वीही बंदर म्हणून ठाऊक होते.

किनाऱ्याने शिडावर जाणाऱ्यापुढे रोज एकच प्रश्न असतो: आज कुठे थांबायचे? पहाटे मतलई वारा मिळतो, दुपारी खारा वारा जोर धरतो. खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली असली तर भरतीची वेळ साधावी लागते. उजेडी पोचणार नसू, तर अलीकडचे बंदर बरे. हा प्रश्न नीतीचाही आहे. कारण ठरवणारा एक असतो आणि जीव सर्वांचे असतात.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 आठवा. कैदी संत पौलाला रोमकडे नेणारे जहाज क्रेत बेटावरील ‘सुंदर बंदर’ येथे थांबले. प्रवासाचा मोसम संपला होता. पुढे जाण्यात धोका आहे, असे पौलाने बजावले. पण शताधिपतीने कप्तानाचे आणि जहाजमालकाचे ऐकले. ते बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचे होते. त्याच बेटावरचे फेनिके बरे, असे बहुमत पडले. दक्षिणेचा मंद वाराही सुटला. मग वादळ आले. माल, जहाजाचे सामान, शेवटी गहूसुद्धा समुद्रात टाकावा लागला. 276 माणसे माल्टाच्या किनाऱ्याला जिवंत लागली. जहाज मात्र फुटले.

त्यांचे चुकले कुठे? जाणकाराचा सल्ला, बहुमत आणि अनुकूल वारा, तिन्ही त्यांच्या बाजूने होते. पण त्यांनी दोन बंदरांची तुलना केली, मधल्या समुद्राचा विचार केला नाही. आणि मालात ज्याचा वाटा नव्हता, त्या कैद्याचे कोणी ऐकले नाही.

मग नेहमी थांबणेच शहाणपणाचे का? नाही. ॲरिस्टॉटल सांगतो की आचरणात, वैद्यकाप्रमाणे आणि नौकानयनाप्रमाणे, प्रसंग पाहूनच ठरवावे लागते. पौलाने तर कितीदा समुद्र ओलांडला! विवेक म्हणजे भीती नव्हे. आणि थांबणे म्हणजे हार नव्हे. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती वाटेत चार बंदरांत थांबून.

आपल्या घरीही असे निर्णय होतात. वाडी विकून शहरात फ्लॅट घ्यावा का? कर्ज काढून मुलाला परदेशी पाठवावे का? आपण हे घर आणि ते घर तोलून पाहतो. मधली हप्त्यांची वर्षे मोजत नाही. आणि म्हातारी आई, सून, शाळकरी मुलगी यांना कोणी विचारत नाही, जरी तीही त्याच होडीत बसलेली असतात.

घरात एखादा मोठा निर्णय व्हायचा असेल, तर या आठवड्यात अशा एका माणसाला आधी विचारा, आणि त्याचे बोलणे पूर्ण ऐका. प्रभू आपल्याला निघण्याचे धैर्य देवो, आणि थांबण्याचेही.

आपला,
धर्मगुरू